रक्तपेशीची वाट आणि शास्त्रांचा मेळ

परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता घटांग ओलांडून सातपुड्याच्या रांगांत शिरतो आणि सिपना नदीच्या काठी सेमाडोहला येतो. १९७४ साली देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत मेळघाटाचा समावेश झाला. तेव्हापासून या गावाचे नाव वर्तमानपत्रांत येते ते वाघ, प्राणिगणना आणि पर्यटन यांच्या निमित्ताने. किंवा मग १९९३ पासून अधूनमधून पेट घेणाऱ्या मेळघाटातील बालमृत्यूंच्या चर्चेत. याच गावात एक प्राथमिक आरोग्य केंद्रही आहे. आसपासच्या ढाण्यांतील कोरकू मुलांच्या बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा आणि तो नळीतल्या द्रावणात सोडायचा, हे मेळघाटातील आरोग्यसेवकांच्या नित्याच्या कामांपैकी एक काम आहे. पण त्याची वार्ता होत नाही. द्रावण स्वच्छ राहिले तर चिंता मिटली. ते गढूळ झाले आणि नळीमागे धरलेल्या कागदावरच्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर त्या रक्तात सिकलसेलचा अंश आहे असे समजून पुढची तपासणी करायची.

ही चाचणी इतकी साधी आहे की ती करणाऱ्या परिचारिकेलाही तिच्यामागे केवढा इतिहास उभा आहे याची कल्पना असण्याचे कारण नाही. पण तो इतिहास सांगण्याजोगा आहे. आपल्या विद्यापीठांतून अलीकडे ‘आंतरविद्याशाखीय’ या शब्दाचा जो मुक्त वापर चालतो, त्याला खरा अर्थ कोठे येतो आणि कोठे येत नाही, हे या एका थेंबावरून चांगले समजते.

सिकलसेल हा मुळात पेशीच्या गतीचा आजार आहे. निरोगी तांबडी पेशी सुमारे आठ मायक्रॉन रुंदीची, मध्ये खोलगट अशी चकती असते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. शरीरातील सर्वांत अरुंद केशवाहिन्यांचा व्यास मात्र तिच्या रुंदीच्या निम्मा किंवा त्याहूनही कमी असतो, आणि प्लीहेतील फटी तर मायक्रॉनच्या घरातल्या. म्हणजे जेथे जेथे प्राणवायू पोचवायचा, तेथे तेथे या पेशीला अंग चोरून, घडी पडून, पुन्हा मूळ आकार घेत पुढे सरकावे लागते. आपल्या सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात ती ही कसरत अगणित वेळा करते. सिकलसेलच्या रुग्णात प्राणवायू सोडून दिल्यावर पेशीतील हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून त्यांच्या ताठ दोऱ्या बनतात, पेशी विळ्यासारखी वाकते, तिचा लवचिकपणा जातो आणि अरुंद वाटेत ती अडकते. एक अडकली की मागच्या खोळंबतात. त्यापुढचा भाग प्राणवायूविना तडफडू लागतो आणि असह्य वेदना उठतात. अशा पेशी दहा-वीस दिवसांतच नष्ट होतात. म्हणून अंगात रक्त टिकत नाही.

आता या ज्ञानाची साखळी पाहू. १९१० साली शिकागोचे डॉक्टर जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडा बेटावरून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. पेशी पाहिल्या, त्यांचे चित्र दिले. कारण कळले नाही. १९२७ साली हान व गिलेस्पी यांनी दाखविले की प्राणवायू काढून घेतला की पेशी वाकते आणि परत दिला की पूर्ववत होते. सेमाडोहच्या नळीतील द्रावणात जे रसायन असते, ते नेमके हेच करते: प्राणवायू हिरावून घेते. १९४८ मध्ये ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांच्या ध्यानात आले की नवजात अर्भकांच्या रक्तात विळापेशी फार थोड्या दिसतात. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन त्यांना वाचवीत असावे. हे निरीक्षण बाळंतिणीच्या दालनातले होते. त्याचे मोल कळायला पुढे तीन-चार दशके लागली.

मधल्या काळात, १९४५ साली, एका आगगाडीच्या प्रवासात बोस्टनचे वैद्यकतज्ज्ञ विल्यम कॅसल यांनी लायनस पॉलिंग या रसायनशास्त्रज्ञाला या आजाराची हकीकत सांगितली. पॉलिंग यांनी आयुष्यभर स्फटिक आणि रासायनिक बंध यांचा अभ्यास केलेला; रुग्णालयाशी त्यांचा संबंध नव्हता. पण प्राणवायूच्या येण्याजाण्याने पेशीचा आकार बदलतो हे ऐकताच दोष पेशीत नसून हिमोग्लोबिनच्या रेणूत असला पाहिजे, असा तर्क त्यांनी केला. हार्वे इटानो हा वैद्यकाची पदवी घेऊन रसायन शिकायला आलेला तरुण त्यांच्या हाताशी होता. विद्युत्क्षेत्रात प्रथिनांची गती मोजणारे यंत्र तेथे होते. त्या यंत्राने निरोगी व रुग्णाचे हिमोग्लोबिन वेगवेगळ्या गतीने सरकते असे दाखवून दिले आणि १९४९ साली ‘रेणूचा आजार’ ही कल्पना वैद्यकात आली. सात-आठ वर्षांनी केंब्रिजमध्ये व्हर्नन इंग्रॅम या रसायनशास्त्रज्ञाने १४६ अमिनो आम्लांच्या साखळीत सहाव्या जागी एकाच आम्लाचा फरक आहे, हे शोधून काढले. ही प्रयोगशाळा भौतिकशास्त्राची होती, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. गढूळ नळीचे रक्त आज ज्या ‘इलेक्ट्रोफोरेसिस’ तपासणीसाठी पुढे जाते, ती पॉलिंग यांच्या त्याच पद्धतीची नात आहे.

आणि यानंतर भौतिकशास्त्राने जे सांगितले ते माझ्या मते मेळघाटाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे, जरी ते सर्वांत कमी लोकांना ठाऊक असले तरी. १९७४ मध्ये अमेरिकेतील हॉफरिक्टर, रॉस व ईटन यांनी एक साधा प्रश्न घेतला: प्राणवायू गेल्यावर हिमोग्लोबिनच्या दोऱ्या वळायला किती वेळ लागतो? त्यांना आढळले की दोऱ्या लगेच वळत नाहीत. काही काळ काहीच घडत नाही आणि मग एकाएकी सगळे गोठते. हा मधला अवधीच रुग्णाला जगवतो. पेशी केशवाहिनीतून साधारण एक-दोन सेकंदांत पार होते आणि पुढच्या दहा-पंधरा सेकंदांत फुप्फुसात पोचून पुन्हा प्राणवायू घेते. दोऱ्या वळण्यापूर्वी ती अरुंद वाट ओलांडून गेली तर काहीच बिघडत नाही. ही एक शर्यत आहे आणि बहुतेक पेशी ती जिंकतात, म्हणून तर रुग्ण महिनोन् महिने चालतो-फिरतो.

पण हा अवधी कशावर अवलंबून असतो? हिमोग्लोबिनच्या संहततेवर, आणि तोही विलक्षण प्रमाणात. प्रयोगशाळेतील द्रावणात तो संहततेच्या सुमारे तिसाव्या घाताने कमी होतो असे दिसले. गणिताच्या शिक्षकांनी हा हिशेब वर्गात फळ्यावर मांडून पाहावा. पेशीतील पाणी थोडे घटून संहतता शेकडा दोननी वाढली, तर १·०२ चा तिसावा घात १·८ च्या आसपास येतो. म्हणजे शर्यतीसाठी मिळणारा अवधी जवळजवळ निम्मा होतो. शेकडा दोन! बाहेरून पाहणाऱ्याच्या डोळ्यांना न जाणवणारा हा फरक रक्तातील शर्यतीचा निकाल फिरवू शकतो.

सिकलसेलच्या रुग्णाने भरपूर पाणी प्यावे, असे डॉक्टर सांगतात, आणि ते आजीबाईच्या सल्ल्यासारखे वाटते. त्यामागे हा तिसावा घात उभा आहे. आता चिखलदरा तालुक्यातील उन्हाळा डोळ्यांपुढे आणा. जवळजवळ दरवर्षी काही गावांना टँकरने पाणी पुरवावे लागते. बाया-मुली डोंगर उतरून झिऱ्यावरून पाणी आणतात. माणसे वैशाखाच्या उन्हात मजुरीला जातात. ज्या घरात एक हंडा पाणी पाच जणांना पुरवायचे आहे, त्या घरातील आजारी मुलीला ‘दिवसभर थोडे थोडे पाणी पीत जा’ असे सांगणे म्हणजे थट्टाच होय. येथे पाणीपुरवठ्याचा अभियंता हा रक्तरोगतज्ज्ञाइतकाच उपचारक ठरतो. परंतु टँकरचा आराखडा आणि सिकलसेलच्या रुग्णांची यादी ही दोन कागदपत्रे एका मेजावर ठेवून पाहिली जात असतील, असे मानायला आपल्या कारभाराची रीत वाव देत नाही. पाणी एका खात्याचे, रक्त दुसऱ्या खात्याचे.

पेशीच्या गतीचा अभ्यास अर्थात येथेच थांबला नाही. १९८० मध्ये रॉबर्ट हेबेल यांनी दाखविले की विळापेशी नुसत्या अडकत नाहीत, तर रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटतात. पुढे श्वेतपेशीही या कोंडीत सामील असतात असे दिसले. तांबडी पेशी प्रवाहाबरोबर वाहते, तर श्वेतपेशी स्वतः सरपटते: पुढचे टोक पसरते, भिंतीला पकडते आणि मागचे टोक ओढून घेते. जखम भरताना, गर्भ वाढताना आणि कर्करोग पसरतानाही पेशी अशाच सरपटतात. त्यामागचे बल मोजायचे तर यंत्रशास्त्र लागते, त्याचे प्रारूप बांधायचे तर गणित लागते. मुंबईच्या आय.आय.टी.त स्थापत्य अभियांत्रिकीच्या विभागात बसून प्रा. मंदार इनामदार पेशी आणि ऊती यांच्या यंत्रशास्त्राची गणिते मांडतात; इमारतीच्या तुळईवरील ताणाचा विचार करणारी विद्या पेशींच्या थराला लावतात. त्याच संस्थेत प्रा. शमिक सेन पेशी आपल्या भोवतीच्या मृदू-कठीण परिसरातून कशी वाट काढते, याचा अभ्यास करतात. प्रा. रूप मल्लिक यांनी भौतिकशास्त्रात डॉक्टरेट केली आणि पेशीच्या आत ओझी वाहणाऱ्या प्रथिनांचे बल लेसर किरणांच्या चिमट्याने मोजले. २०१४ चा भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला तो जीवशास्त्रासाठी. असा माणूस आपल्याकडील एखाद्या जिल्ह्याच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राच्या अध्यापकपदासाठी अर्ज घेऊन गेला, तर पदवीचा विषय जुळत नाही या कारणावरून छाननीतच बाद होईल, ही गोष्ट वेगळी.

या साखळीत एक दुवा गणितातून आलेला आहे आणि त्याचा आपल्या देशाशी जवळचा संबंध आहे. रक्ताचे आनुवंशिक दोष उष्ण प्रदेशांत इतके टिकून का राहतात, याचे उत्तर मलेरियात असावे, असे जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ साली एका दुसऱ्या रक्तदोषाबद्दल सुचविले; सिकलसेलच्या बाबतीत अँथनी ॲलिसन यांनी पूर्व आफ्रिकेतील पाहणीवरून १९५४ मध्ये तसा पुरावा दिला. ज्याच्यात दोषाचा एकच अंश आहे, त्या वाहकाला मलेरियाच्या घातक हल्ल्यापासून काहीसे संरक्षण मिळते. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले, येथलेच नागरिक झाले आणि १९६४ साली भुवनेश्वरला वारले. जंगलातील मलेरियाने पिढ्यान् पिढ्या पोळलेल्या मेळघाटासारख्या प्रदेशात हा दोष आढळावा, यात त्यांच्या तर्कानुसार नवल काही नाही. मुलांना आईबापांकडून मिळालेला हा ठेवा शाप म्हणून आलेला नव्हता, जंगलात तगून राहण्याची ती किंमत होती. गावात ‘या घराण्याचे रक्त खराब’ अशी कुजबूज होते, तेव्हा सांगण्यासारखी ही एकच गोष्ट आहे आणि ती जीवशास्त्राइतकीच इतिहासाची आहे.

विदर्भाच्या संदर्भात शुक्ला व सोळंकी यांनी १९५८ साली ‘लॅन्सेट’मध्ये मध्य भारतातील सिकलसेलविषयी लिहिले, त्याला आता सहा दशकांहून अधिक काळ लोटला. हा दोष केवळ आदिवासींपुरता नाही. विदर्भातील अनुसूचित जाती आणि काही मागास समाजांतही तो आढळतो. महाराष्ट्रातील आदिवासींमधील सिकलसेलवर दीर्घकाळ काम करणारे डॉ. सुदाम काटे यांना २०१९ साली पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी मेळघाटातील बैरागड येथे आयुष्य घालविलेल्या डॉ. रवींद्र व डॉ. स्मिता कोल्हे या दांपत्यालाही ती मिळाली. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन व त्यांच्या सहकाऱ्यांनी हायड्रॉक्सियुरिया हे औषध दर किलो वजनामागे केवळ दहा मिलिग्रॅम इतक्या अल्प मात्रेत मुलांना देऊन त्याचा गुण येतो असे २०१२ मध्ये दाखविले. हे औषध मूळचे कर्करोगाच्या उपचारातले. ते गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन पुन्हा वाढविते. म्हणजे जॅनेट वॉटसन यांचे १९४८ चे निरीक्षण अखेर एका गोळीच्या रूपाने रुग्णापर्यंत पोचले. अल्प मात्रेचे महत्त्व खर्चाच्या दृष्टीने तर आहेच, शिवाय जेथे रक्ताची वारंवार तपासणी करणे अवघड, तेथे सुरक्षिततेच्या दृष्टीनेही आहे. ही दृष्टी मोठ्या शहरातील प्रयोगशाळेत सुचेलच असे नाही.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. २०४७ हे तिचे उद्दिष्टवर्ष असून चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करावयाची आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेने जनुकात दुरुस्ती करणाऱ्या उपचाराला मान्यता दिली. अमेरिकेत त्याची किंमत बावीस लाख डॉलर. दिल्लीतील जीनोमिकीच्या संस्थेत स्वस्त देशी उपचाराचे प्रयत्न चालू आहेत, आणि ते सफळ व्हावेत असे कोणाला वाटणार नाही? पण निर्मूलन हा शब्द ऐकला की मन साशंक होते. देवी रोगाचे निर्मूलन झाले, कारण देवीचा विषाणू माणसाच्या बाहेरचा होता. येथे दोष माणसांच्या रक्तात आहे. वाहकांनी आपसांत लग्ने करू नयेत, हाच निर्मूलनाचा प्रत्यक्ष अर्थ उरतो, आणि मग प्रश्न प्रयोगशाळेतून उठून सोयरिकीच्या बैठकीत जातो.

तेथे आपले ज्ञान फार तोकडे पडते. दोन वाहकांच्या अपत्यांत प्रत्येक वेळी चौथा हिस्सा आजाराची, अर्धा वाहकपणाची आणि चौथा हिस्सा पूर्ण निर्दोष असण्याची शक्यता असते. ‘चारांपैकी एक’ याचा अर्थ लोक असा घेतात की पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तिन्ही सुखरूप. संभाव्यतेचा हा भ्रम शिकलेल्या माणसांतही सर्रास आढळतो. बारावीला आनुवंशिकीचा तक्ता पाठ करून पुरे गुण मिळविलेला विद्यार्थीही त्यातून सुटत नाही. शिवाय हे सांगायचे कोणत्या भाषेत? कोरकू ही मुंडा कुळातील भाषा. मराठी किंवा हिंदीशी तिचे कुळ जुळत नाही. वाहक असणे आणि आजारी असणे यांतला भेद ज्या भाषेत आधीपासून नाही, त्या भाषेत तो नव्याने, तिच्याच शब्दांनी घडवावा लागेल. तो चुकला तर वाहक मुलगी रोगी ठरते आणि तिचे लग्न मोडते. मुलाचे बहुधा मोडत नाही. ज्या भूमकाकडे माणसे आजही दवाखान्याच्या आधी जातात, त्याला या कामात घ्यायचे की त्याला टाळून पुढे जायचे, हेही वैद्यकाच्या पुस्तकातून कळण्यासारखे नाही.

सेमाडोहपासून अमरावती सुमारे शंभर किलोमीटर. तेथे संत गाडगेबाबांच्या नावाचे विद्यापीठ आहे, डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय आहे, विज्ञानाची आणि कलेची महाविद्यालये आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२० पासून बहुविद्याशाखीय शिक्षणाचा पुरस्कार केला आहे आणि त्याप्रमाणे विज्ञानाच्या विद्यार्थ्याला इतर शाखेचे दोन-चार श्रेयांक घेता येतात. ठीक आहे. पण पॉलिंग आणि इटानो श्रेयांकांनी एकत्र आले नव्हते. एका प्रश्नाने ते एकत्र आले होते. आपल्याकडे प्रश्नाला वाली नाही आणि विभागांना भिंती आहेत. भौतिकशास्त्राचा अध्यापक सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिरला तर त्याच्या येण्याचे कारण विचारले जाते. संयुक्त शोधनिबंधाचे श्रेय पदोन्नतीच्या तक्त्यात विभागून कमी होते. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला रक्ततपासणीच्या शिबिरात नेण्याचा प्रवासभत्ता कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, हे लेखा विभागातील कारकुनाला कोणी सांगितलेले नसते. या गोष्टी हास्यास्पद वाटतात खऱ्या, परंतु पुष्कळशी संशोधने अशाच मेजांवर अडून राहतात.

तेव्हा मोठी योजना नको, एकच तालुका घ्यावा. चिखलदऱ्यातील आरोग्य केंद्रांच्या नोंदवह्यांतील आकडे, नावे वगळून, विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाने तपासावेत: कोणत्या महिन्यात दुखण्याचे झटके अधिक येतात, त्यांचा तापमानाशी आणि टँकरच्या फेऱ्यांशी काही संबंध दिसतो काय? हे काम पदव्युत्तर विद्यार्थी एका वर्षात करू शकतील. संबंध दिसला तर रुग्ण असलेल्या घरांना पाण्याचा वाढीव वाटा मिळण्याची मागणी भावनेवर न राहता आकड्यांवर उभी राहील. न दिसला तरी शोध वाया गेला असे नाही. कोरकू बोलणाऱ्या शिक्षकांना आणि आशा सेविकांना मानधन देऊन त्यांच्याकडून समुपदेशनाची भाषा तयार करून घ्यावी आणि शोधनिबंधावर त्यांची नावे इतरांच्या बरोबरीने घालावीत. आभाराच्या ओळीत नव्हेत.

शिबिर केव्हा घ्यायचे हेही त्यांनाच विचारावे. दिवाळीनंतर कामाच्या शोधात बाहेर पडलेली कोरकू कुटुंबे होळीला गावी परततात. तो त्यांचा सर्वांत मोठा सण. थंडीत, डॉक्टरांच्या सोयीने, शिबिर ठेवले तर अनेक घरांना कुलूप दिसेल आणि तपासलेल्यांची संख्या कमी भरल्याचा शेरा पडेल. होळीच्या आठवड्यात ठेवले तर सारे गाव भेटेल, सोयरिकी ठरविणारी मंडळीही भेटतील, आणि उन्हाळ्याच्या पाण्याचे काय करायचे ते बोलायला दोन महिने हाती असतील.